दुतोंड्या पैसा

आमचे दिनूमामा कधी कुणाला घाईघाईने बोलावणाऱ्यांपैकी नव्हेत. छत्तीस वर्षे नाशकात प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेला माणूस. त्यांचे सारे वेळापत्रकाबरहुकूम चालते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला त्यांचा फोन येतो, पुण्याच्या पावसापाण्याची चौकशी होते, "मग नाशकाला केव्हा येतोस?" असा प्रश्न होतो आणि "बघतो, सुटी लागली की" हे माझे ठरलेले उत्तर ऐकून ते फोन ठेवतात. अशा माणसाचा गेल्या आषाढात एका बुधवारी रात्री साडेदहाला फोन आला, तेव्हा माझ्या पोटात धस्स झाले. मामीचे काही बरेवाईट तर नाही?

"मामी झोपलीय. तू मला सांग, तू एम. ए. ना? तुला जुन्या नाण्यांतलं काही कळतं का?"

मी मराठीचा एम. ए. नाण्यांशी माझा संबंध वाक्प्रचारांपुरता. खोटा पैसा, बंदा रुपया, नावाला बट्टा लागणे, माणूस वाजवून घेणे, असे सगळे मुलांना दरसाल समजावून सांगायचे आणि कुणी निबंधात 'नाण्याची दुसरी बाजू' असे लिहिले की हे इंग्रजीतून उसने आणलेले आहे म्हणून समासात लाल रेघ मारायची, एवढीच माझी नाणेविद्या. पण मामांच्या आवाजात काहीतरी निराळे होते. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकून मी सकाळची एसटी पकडली.

पुणे-नाशिक हा रस्ता पावसाळ्यात पाहावा. नारायणगाव मागे पडले की डोंगर ढगांच्या दुलईत शिरतात, संगमनेरला प्रवरा तांबडी होऊन वाहत असते आणि सिन्नरचा घाट उतरताना खाली शेतांचे हिरवे तुकडे दिसू लागतात. एरवी मी खिडकी सोडत नाही. या खेपेला मात्र डोक्यात मामा होते. दुपारी दोनला जुन्या नाशकातल्या त्यांच्या बोळात शिरलो. वाड्याच्या एका बाजूच्या भिंतीला टेकू दिलेला, ओसरीवर ताडपत्री. मामी दाराशीच पाट घेऊन बसली होती. उठायला गेली आणि "आई गं" म्हणून पुन्हा बसली. दोन्ही गुडघे गेले आहेत. डॉक्टरांनी बदलायला सांगितले आहेत, आणि खर्च सांगितला आहे साडेपाच लाख.

जेवण झाल्यावर मामी आत कलंडली. मामांनी दार लोटले आणि कपाटातून एक पितळी डबा काढला. आजीचा तो डबा मी लहानपणी पाहिलेला. तेव्हा त्यात सुपाऱ्या असत. आता त्यातून त्यांनी धोतराच्या चिंधीत बांधलेली नाणी पलंगावर ओतली. बेचाळीस. चांदीचे तीन रुपये, भोकाचे पैसे, पितळी आणे, काळवंडलेल्या जाडजूड शिवराया. त्या साऱ्यांतून त्यांनी एकच तांब्याच्या रंगाचा पैसा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"बघ."

एका बाजूला पंचम जॉर्ज, डावीकडे तोंड करून. भोवती इंग्रजी अक्षरे. नेहमीचा जुना पाव आणा; रुपयाला चौसष्ट मिळणारा, १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले त्याच्या आधीचा. मी उलटा केला. मागे साल आणि किंमत असायला हवी. ती नव्हती. मागेही पंचम जॉर्जच होता. पण हा जॉर्ज उजवीकडे पाहत होता, आणि वर उठलेला नसून आत खोल गेलेला होता, ओल्या मातीत कुणी तोंड दाबावे तसा. भोवतीची अक्षरेसुद्धा आरशात दिसतात तशी उलटी.

"दुतोंड्या आहे," मामा हलक्या आवाजात म्हणाले. "टांकसाळीची चूक. लाखांत एक."

"कोण म्हणालं?"

मग हळूहळू सारे बाहेर आले. मोबाइलवर जाहिरात आली होती: जुनी नाणी विका, मालामाल व्हा. मामांनी नाण्याचे चित्र पाठवले. पलीकडच्या गृहस्थाने तासाभरात कळवले की या नाण्याचे बावीस लाख मिळतील. नोंदणीचे साडेचार हजार मामांनी भरले. मग रिझर्व्ह बँकेचे ताडाचे झाड आणि वाघ असलेले पत्र व्हॉट्सॅपवर आले, सही-शिक्क्यानिशी. आता कराचे म्हणून साडेअठरा हजार हवे होते. शनिवारपर्यंत. मामांनी बँकेत जाऊन दोन लाखांची मुदत ठेव मोडण्याचा फॉर्मही आणून ठेवला होता, कारण कर झाला की पुढे विम्याचे पैसे लागतील असे त्या गृहस्थाने आधीच प्रामाणिकपणे सांगून ठेवले होते!

मला एकदम सांगता आले नाही. छत्तीस वर्षे ज्याने दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या त्याला "तुम्ही फसलात" हे त्याच्याच भाच्याने कोणत्या तोंडाने सांगावे? मी म्हटले, "मामा, नाणं खरं आहे की नाही ते आधी पाहू. शनिवारला अवकाश आहे."

"खरं आहेच. पण बघू."

संध्याकाळी आम्ही सराफ बाजारात गेलो. जाताना मामांनी मुद्दाम घाटावरून नेले. गोदावरी चढलेली होती, रामकुंडाच्या पायऱ्या बुडालेल्या, नारोशंकराच्या देवळाखाली गढूळ पाण्याचे भोवरे. पुलावर माणसे उभी राहून दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवत होती. नदीच्या पात्रातच उभा असलेला हा दोन तोंडांचा मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पाणी घोट्याला लागले, गुडघ्याला लागले, कमरेला लागले, असे सारे गाव त्याच्या अंगावर पूर मोजते आणि त्याप्रमाणे सराफ बाजारातली दुकाने आपला माल वर चढवतात. त्या दिवशी पाणी गुडघ्याच्या खाली होते. नाण्याचे नाव मामांनी कुठून घेतले ते मला कळले.

सराफ वयोवृद्ध होते, मामांच्या ओळखीचे. त्यांनी आधी चांदीचे तीन रुपये पुढे ओढले. हात तिकडेच गेला. एकेक रुपया काट्यावर टाकला. नवा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. आमचे झिजून साडेअकराला आलेले. एक व्हिक्टोरिया राणीचा, १८६२ चा. मला वाटले, वा, दीडशे वर्षांहून जुना! सराफ हसले. १८६२ हे साल त्या रुपयावर पुढे दहा-बारा वर्षे तसेच छापत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष कळावे म्हणून बारीक ठिपके तेवढे घातले. मी भिंगातून ते ठिपके मोजले. परीक्षेच्या पेपरावर मागची तारीख राहून गेल्यासारखा हा प्रकार, पण चूक म्हणायची सोय नाही. सारे ठरवून केलेले.

दुसरा रुपया १९१२ चा, पंचम जॉर्जचा. "हा सुधारलेला," सराफ म्हणाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९११ मध्ये, राजाच्या झग्यावरच्या पदकात जो हत्ती कोरला होता तो लोकांना हत्ती दिसेना, डुक्कर दिसू लागले. मुसलमान रयतेत तर गहजब उडाला. चौऱ्याण्णव लाख रुपये पाडले होते, त्यांतले सात लाख बाजारात गेले होते. उरलेले सरकारने वितळवले आणि १९१२ साली हत्तीची सोंड व कान नीट कोरून नवा रुपया काढला. मी तो हत्ती भिंगातून पाहिला. सोंड आहे, पण तरीसुद्धा त्याचे रूप काही फारसे शुभ वाटले नाही.

तिसऱ्या रुपयावर फारसी अक्षरे होती आणि कडेला चार-पाच बारीक खिळ्यांसारख्या टोचण्या. पेशवाईतला. या टोचण्यांकडे बोट दाखवून सराफ म्हणाले, "आजचे नाणी जमवणारे हे पाहून किंमत पाडतात. आमच्या पणजोबांच्या वेळी पारखी अशी टोच मारून आत चांदीच आहे हे पाहत, मगच रुपया पुढे जाई." पारखी, पोतदार ही आडनावे मी हजेरीपटावर रोज वाचतो. ज्या हाताने ही टोच मारली तो हात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांपुढे आला.

शेवटी मामांनी दुतोंड्या पुढे केला. सराफांनी तो काचेवर टाकून वाजवला. आवाज स्वच्छ आला. "जोडलेला नाही," ते म्हणाले. दोन नाणी घेऊन एकाचे पोट कातायचे, दुसरे घासून आत बसवायचे, की दोन्हीकडे छापा असलेले नाणे तयार होते. १९७५ च्या 'शोले'त जयकडे असते तसे. जादूगारही ठेवतात. पण जोडकाम बद्द वाजते आणि कडेच्या आत भिंगाला सांधा दिसतो. इथे तसे काही नव्हते. वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, पाव आण्याला हवे तेवढेच.

"मग किंमत?" मामांचा आवाज थोडा घसरला.

"मास्तर, आम्ही धातूचे पारखी. तांब्याचा भाव सांगू? चुकीची पारख आम्हाला नाही. तुम्ही अंजनेरीला जा."

रात्री मामा गप्प होते. मी माझ्यापुरते शिवरायांचे गाठोडे घेऊन दिव्याखाली बसलो, आणि इथे माझी चांगलीच फजिती झाली. शिवराई म्हणजे एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', ही पाठ्यपुस्तकी माहिती. पण आमच्या सोळा शिवरायांपैकी एकीवरही ही पाचही पदे पुरी नव्हती. कुठे 'श्री' अर्धी कापलेली, कुठे 'राजा'चा 'जा' तेवढा, कुठे 'छत्र' आहे तर 'पति' हद्दपार. एकीवर 'शिव'च्या जागी चक्क 'सिव' वाचल्यासारखे वाटले. हात शिवशिवला. लाल पेन्सिल असती तर मी राजांच्या नाण्यावर शेरा मारायला कमी केले नसते. मला वाटले, हा डबाच चुकांचा आहे. एकाला बावीस लाख तर या सोळांचे किती होतील? लोभ असा चोरपावलांनी येतो, आणि एम. ए. झालेल्यालाही ओळखू येत नाही.

सकाळी निघताना मामीने देवघरातले एक नाणे माझ्या हातावर ठेवले. "हेही दाखवून आण रे. माझ्या सासूबाईंनी पूजेत ठेवलेलं." मोठे, पिवळे, एका बाजूला रामपंचायतन आणि हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८. देवघरातले नाणे खिशात घालणे बरे वाटेना, म्हणून मी त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतले आणि ते परत ठेवले.

अंजनेरी नाशिकपासून वीसेक किलोमीटर, त्र्यंबकच्या रस्त्यावर. एसटीतून उतरलो तेव्हा डोंगर अर्धा ढगात होता आणि उरलेल्या अर्ध्यावरून पांढऱ्या धारा उतरत होत्या. हनुमानाचा जन्म इथला, अंजनीमातेचा हा डोंगर, असे नाशिककर मानतात. त्याच्या पायथ्याशी नाण्यांच्या अभ्यासाची संस्था असावी याचे मला नवल वाटले. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज हे तिचे लांबलचक नाव. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० मध्ये ती उभी केली. आवारात झाडी, पावसाचा आवाज, आणि आत संग्रहालयात भारतातल्या नाण्यांचा सारा इतिहास छायाचित्रे, खरी नाणी आणि प्रतिकृती यांच्या रूपाने मांडलेला. परीक्षेच्या दिवसांत विद्यापीठाच्या ग्रंथालयातसुद्धा इतकी शांतता नसते.

तिथे एक गृहस्थ टिपणे काढत बसले होते. संस्थेचे कुणी नव्हेत. नोकरीतून निवृत्त होऊन नाण्यांमागे लागलेले, आमच्यासारखेच एसटीने आलेले. ओळख झाली आणि मामांनी धीर करून पुडी सोडली. त्यांनी खिशातून दहापट दाखवणारे भिंग काढले. पण आधी शिवराया मागितल्या. "तांब्याचा पैसा पळून जात नाही," ते म्हणाले, "आधी हाताचं नाणं पाहू, मग यंत्राचं. नाहीतर चूक कशाला म्हणायचं तेच कळत नाही."

पुढचा पाऊण तास आम्ही दोन मास्तर बाकावर बसून शिकलो. शिवराई हाताने पाडलेली. तांब्याचा तुकडा ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. ठसा मोठा आणि तुकडा लहान, म्हणून सगळी अक्षरे एका नाण्यावर मावतच नाहीत. जे मावले ते उमटले. ही चूक नव्हे, ही रीतच. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेले हे नाणे छत्रपतींच्या मागेही शंभर-दीडशे वर्षे पाडले जात होते, गावोगाव, परवाना घेतलेल्या टांकसाळींतून. इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांत कितीतरी वर्षे चालत होते. इतक्या हातांनी ठसे कोरले, प्रत्येकाचे अक्षर निराळे. कुणी 'शिव' कोरले, कुणी 'शीव', कुणी 'सिव'. अभ्यासक त्या ऱ्हस्व-दीर्घांची यादी करतात आणि त्यावरून कोणती शिवराई कोणत्या घराण्यातली ते लावतात. म्हणजे मी ज्याच्यावर लाल रेघ मारायला निघालो होतो, तोच मुळी कोरणाऱ्याचा पत्ता होता. मी खाली मान घालून ऐकत राहिलो.

"सिन्नरवरून आलात ना?" ते मला म्हणाले. "तालुक्यातलंच जोगलटेंभी. तिथे १९०६ साली नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं. तेरा हजारांहून जास्त. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या तोंडावरच गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. डोंगराची तीन शिखरं, मागे उज्जैनची खूण. एका नाण्यावर दोन राजे. ही चूक आहे का?"

मामा इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलले. "छे! जिंकल्याची दवंडी आहे ती." मग मला म्हणाले, "पांडवलेण्यांत मी मुलांना दरसाल न्यायचो. दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा लेख आहे, उषवदाताचा."

मला तेवढेच निमित्त पुरले. पांडवलेण्याची ती सहल मीही एकदा मामांच्या बोटाला धरून केलेली. "मामा, तोच ना ज्यानं तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवले?"

"दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसरीकडे, पाऊण टक्क्यानं." मास्तर जागे झाले. "दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकाला चीवरासाठी बारा. हिशेब चोख. आणि मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज..."

ते थांबले. बाहेर पाऊस जोरात आला होता. मुदत ठेव मोडायचा फॉर्म त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, घडी केलेला. मी काही बोललो नाही. त्यांनीही नाही.

मग दुतोंड्याची पाळी आली. गृहस्थांनी तो बराच वेळ पाहिला, कडेने फिरवला, दिव्याखाली तिरपा धरला. यंत्राच्या टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांमध्ये येते, भोवती कडी असते, दाब पडतो आणि नाणे बाहेर फेकले जाते. हजारांत कधीतरी एखादे नाणे फेकले जात नाही, एका ठशालाच चिकटून बसते. पुढची चकती येते तिला त्या बाजूने ठशाऐवजी हे चिकटलेले नाणेच भेटते. म्हणून तिच्या एका अंगाला नीट तोंड उमटते आणि दुसऱ्या अंगाला तेच तोंड उलटे व खोल. इंग्रजीत याला ब्रोकेज म्हणतात. पण ते घरी करणारेही आहेत: दोन नाणी शेगड्यात धरून आवळायची. त्यात खोल बाजू पुसट येते आणि दुसऱ्या बाजूचे वर आलेले तोंड चेपून सपाट होते. तोटीसारखी एक साधी खूण, पण पाहणारा तीच विसरतो: दोष असलेल्या बाजूकडे बघत बसू नये, चांगल्या बाजूकडे बघावे. आमच्या जॉर्जच्या दाढीचे केस आणि मुकुटावरची नक्षी शाबूत होती. आतल्या तोंडाचीही प्रत्येक रेघ तीक्ष्ण, मापही बरोबर तेवढेच.

"खरा आहे," ते म्हणाले. "टांकसाळीतूनच असा निघालेला."

मामांचा चेहरा असा उजळला की मला पुढचा प्रश्न विचारवेना. तो मामांनीच विचारला.

"दोन हजार. हौशी माणूस भेटला तर तीन. चुकांचे शौकीन आपल्याकडे थोडे, आणि पैशातला ब्रोकेज काही अगदीच अपूर्व नाही. लाखांची गोष्ट कुणी सांगितली तर ऐकू नका." आणि मग फारसा आवाज न चढवता त्यांनी सांगितले की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने स्वतः निवेदन काढले होते: आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत नाही, त्यासाठी कुणाकडून शुल्क वा कमिशन मागत नाही, आणि कुणाला आमच्या वतीने मागण्याचा अधिकारही दिलेला नाही. ते आमच्याकडे पाहत नव्हते, खिडकीबाहेर पाहत होते. ती सभ्यता मी विसरणार नाही.

मामीच्या नाण्याचा फोटो मी शेवटी, मामा हात धुवायला गेले तेव्हा दाखवला. त्यांनी पाहिलाही नाही नीट. कंपनीने असे रामपंचायतनाचे नाणे कधीच पाडले नाही. १८१८ सालाचे हे तुकडे पुढे यात्रेच्या बाजारासाठी केलेले, आणि 'तांदूळ ओढणारे नाणे' म्हणून यांच्याच नावावर लोकांचे संसार धुऊन नेलेले आहेत. पूजेत मात्र कितीतरी घरी असतात. मी मामीला अजून हे सांगितलेले नाही. हा अंक त्यांच्या घरी येतो. हे पान मामांनी आधी वाचावे, एवढी व्यवस्था मी केली आहे.

परतीच्या एसटीत मामांचा मोबाइल वाजला. त्यांनी नाव पाहिले, क्षणभर तसेच धरून ठेवला, आणि मला ऐकू येईल असा चालू केला.

"मास्तरसाहेब, आज पैसे नाही आले तर फाइल बंद होणार हां. मग आम्हाला बोलायचं नाही."

"भरतो ना. मला फक्त एवढं सांगा, तुम्ही जे नाणं बावीस लाखांना घेताय, त्याच्या मागच्या बाजूचं तोंड कुठल्या दिशेला आहे?"

"कुठल्याही दिशेला असू द्या, आम्ही घेणार."

"वर आलेलं आहे की आत गेलेलं?"

"अहो, आधी पैसे भरा, मग बाकीचं..."

"चौथीतला मुलगासुद्धा आधी गणित वाचतो, मग उत्तर देतो," मामा म्हणाले. "खाली बसा."

पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळून पाहू लागल्या. मामांनी फोन बंद केला. हात थरथरत होता, तो त्यांनी छत्रीच्या मुठीवर दाबून धरला. सातपूर येईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "साडेचार हजार गेले."

घरी जाऊन आम्ही १९३० क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. मामीला यातले काही माहीत नाही असे मामांना वाटत होते. रात्री भात वाढताना ती म्हणाली, "दोन हजारांत गुडघ्याची नाही, आमटीची वाटीसुद्धा धड यायची नाही," तेव्हा त्यांना कळले की मामी दुपारी झोपत नसते. नागपूरला ताईशी माझे बोलणे झाले आहे. एक गुडघा दिवाळीनंतर करायचा, दुसऱ्याचे पुढे बघू, इथवर आले आहे. मामी म्हणते, आधी वाड्याची भिंत.

निघताना मामा घाटापर्यंत पोचवायला आले. पाणी रात्रीतून वाढून दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यांवर आले होते आणि सराफ बाजारात माल वर चढवायची गडबड सुरू झाली होती. दुतोंड्या पैसा त्यांनी विकलेला नाही. वहीच्या कागदाच्या चौकोनी पाकिटात घालून वर आपल्या वळणदार अक्षरात लिहिले आहे: 'पाव आणा. पंचम जॉर्ज. ब्रोकेज. खरा.' बाकीच्या एक्केचाळीस नाण्यांसाठीही पाकिटे कापून तयार आहेत.

"आता गणपतीत येशील तेव्हा," एसटी हलताना ते खिडकीशी येऊन म्हणाले, "पुण्याहून एक भिंग आण. दहापट दाखवणारं. आणि ती 'सिव' वाली शिवराई मी निराळी काढून ठेवलीय. तुझी लाल पेन्सिल तिकडेच ठेवून ये."